पांढरी माती, गेरू आणि घराची कळा



आज मी घराच्या रंगाविषयी बोलणार आहे. रंग म्हटले की आधी पैशाचा आकडा डोळ्यांपुढे येतो. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते, मी बोलणार आहे तो रंग बहुतेक तुमच्या घरात, शेतात, नाहीतर आठवडी बाजारात आहेच. मी या विषयातली कुणी पंडित नव्हे. महागाव तालुक्यात शाळामास्तरीण म्हणून आयुष्य गेले आणि पोरांच्या निमित्ताने पुष्कळ घरांचे उंबरे ओलांडले, एवढेच माझे भांडवल.

त्यातल्या एका घराची हकिकत ऐका. तांड्यावरचे घर. पूर्वी तिथे तुराट्यांचा कूड आणि त्यावर शेणामातीचे लिंपण होते. पावसाळ्यात गळायचे, एखादी बाजू खचायची. त्या घराचे गोडवे गायला मी बसलेली नाही. पण दर दिवाळीला दाराभोवती पांढऱ्या मातीची वेल निघायची, आणि लांबून घर ओळखू यायचे. पुढे त्या कुटुंबाला घरकुल मिळाले. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेतले हे घर. त्या योजनेत स्वयंपाकाची जागा धरून निदान २५ चौरस मीटर क्षेत्र ठरवलेले आहे. भिंत पक्की झाली, साप-विंचवाचे भय कमी झाले. फक्त सगळे घर सिमेंटसारखे करडे. घरधनीण मला म्हणाली, “बाई, घर पक्कं झालं, पण घरासारखं वाटत न्हाई.”

फाल्गुनाचे दिवस होते आणि वैशाखात मोठ्या मुलीचे लग्न ठरले होते. कापसाचे पैसे भांड्यांत आणि मंडपाच्या विसारात गेलेले. रंगारी आला, भिंती मोजल्या आणि आकडा सांगून गेला. आता मुलीचा बाप तेवढे पैसे व्याजाने काढायला निघाला होता. म्हणे, “बाई, पावणे येतील. उघडी भित पाहून काय म्हनतील?” श्रोतेहो, या प्रश्नाला हसू नका. चार माणसांत आपले घर उघडे दिसू नये असे वाटणे काही चुकीचे नाही. मी एवढेच म्हटले, “भाऊ, आठ दिवस थांबा. पैसे काढायचेच असतील तर मग काढा.”

त्या आठ दिवसांत काय केले, ते तुमच्याही कामाचे आहे.

पहिली गोष्ट चुना. चुनखडीचा दगड भट्टीत भाजला की चुनकळी होते, ती पाण्यात विरली की चुना होतो. भिंतीवर लावलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडीच बनतो. म्हणजे भिंतीवर आपण दगडाचाच पातळ थर देतो आणि त्यात कालवलेला रंग त्या थरात अडकून बसतो. चुनकळी विरवताना मात्र फार सांभाळा. कळी पाण्यात थोडीथोडी टाकावी, कळीवर पाणी ओतू नये. पाणी खळखळा उकळते आणि उडते. प्लास्टिकची बादली घेऊ नका, ती वितळते. पोरांना लांब ठेवा. डोळ्यांत चुना गेला तर आधी भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. रात्रभर निवू द्यावे आणि सकाळी पातळ फडक्यातून गाळावे. हल्ली विरवलेला चुना पिशवीतही मिळतो. ज्यांना ही खटपट नको, त्यांनी तो घ्यावा.

घोळ दुधाइतका पातळ ठेवा. त्यात मूठभर मीठ आणि भिजवून गाळलेला बाभळीचा डिंक घालतात, म्हणजे हात लावला तर पांढरे लागत नाही. भिंत आधी पाण्याने ओली करायची. घाई करणारे इथेच चुकतात. कोरडी भिंत घोळातले पाणी पिऊन टाकते आणि मग चुना पोपडे धरून गळतो. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात बरे. पहिला हात ओला असताना काहीच दिसत नाही, माणूस निराश होतो. वाळल्यावर पाहा. आम्ही अंबाडीच्या वाखाचे कुंचे बांधले होते. ज्या भिंतीला आधीच तैलरंग दिलेला आहे, तिच्यावर चुना धरत नाही, त्या फंदात पडू नका.

पांढऱ्याला थोडी नीळ घातली की पिवळटपणा मरतो आणि जास्त घातली की आभाळी रंग येतो. ही नीळ पुडीतल्या भुकटीची हवी. बाटलीतली पातळ नीळ कपड्यांपुरती, ती भिंतीवर टिकत नाही. गेरू आणि पिवळी माती हेही चुन्यात चालतात, कारण ते मातीतलेच रंग, त्यांचा रंग लोखंडाच्या गंजातून आलेला. चुन्याच्या तिखटपणाने ते बिघडत नाहीत.

चुन्यात न चालणारी वस्तू कोणती, हे मी स्वानुभवाने सांगते. लग्न होऊन नवीनच आले होते. मनात आले, माजघर पिवळेधमक करावे. घरची हळद होती, ओंजळभर चुन्यात ओतली. घोळ एकदम लाल! मला वाटले, वाळल्यावर पिवळा होईल. आख्खी भिंत रंगवून मोकळी झाले. सासूबाई शेतातून आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “काहून व सूनबाई, भितीले कुंकू लावलं का?” हळदीत चुना पडला की कुंकवाचा रंग येतो, हे मला रोज कपाळाला लावूनही सुचले नव्हते. पुढे चार-सहा महिन्यांत ती भिंत डागडाग होऊन फिकी पडली. हळद उन्हातही टिकत नाही आणि चुन्यातही टिकत नाही. स्वयंपाकात मात्र टिकते.

तर तांड्यावरच्या त्या घरात तीन भिंती पांढऱ्या ठेवल्या. समोरच्या एकाच भिंतीला फिकट आभाळी रंग दिला. चारही भिंतींना चार रंग द्यावेत असे मुलींच्या मनात होते, मी त्यांना थोपवले. खोली लहान असेल तर रंगांची गर्दी होते आणि माणसांना जागा उरत नाही, असे माझे मत आहे. तुम्हाला पटले नाही तर तुम्ही तुमचे करा.

सगळ्या भिंतींच्या तळाशी जमिनीपासून दीड-दोन हात उंच गेरूचा पट्टा काढला. हा पट्टा नुसता शोभेचा नाही. माणूस भिंतीला टेकून बसतो, डोक्याचे तेल लागते, पोरे मातीचे हात पुसतात, झाडताना पाणी उडते. पांढऱ्यावर हे सगळे दिसते, गेरूवर दिसत नाही. आपल्या जुन्या बायांना हे ठाऊक होते. गेरू कपड्याला लागू नये म्हणून त्यातही डिंक हवा. छपरावर मात्र नुसता दाट पांढरा चुना दिला. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो, तेव्हा हा थर खाली झोपणाऱ्याला जाणवतो.

आता दाराचे पाहू. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला रंग प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी कुठेतरी डब्याच्या बुडाशी असतो. हिरवा थोडा, लाल थोडा. एकट्याचा डबा पुरत नाही, म्हणून तीन घरांचे डबे जमवले आणि दार हिरवे, चौकट लाल झाली. पैसा लागला नाही. एक इशारा देते. मोडलेल्या वाड्यांची जुनी दारे, खिडक्या, फळ्या हल्ली स्वस्तात मिळतात आणि त्या सुबक असतात. जरूर घ्या. पण त्यांवरच्या जुन्या तैलरंगात शिसे असू शकते आणि शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम आपल्या सरकारने २०१६ साली केला आणि तो २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा खरवडू नका. ओला करून, तोंडाला फडके बांधून, घराबाहेर खरवडा आणि पोरांना जवळ येऊ देऊ नका.

घरातल्या कापडातही रंग पुष्कळ असतो. म्हाताऱ्याचे विरलेले पांढरे धोतर होते, त्याचा पडदा केला. फाल्गुनात आपल्या जंगलात पळस पेटलेला असतो. झाडाखाली गळून पडलेली फुले दोन टोपल्या आणली आणि उकळली. धोतर आधी तुरटीच्या पाण्यात भिजवले, मग त्या पाण्यात बुडवले. केशरी-पिवळा पडदा झाला. हा रंग फार पक्का नव्हे, उन्हात उडतो. म्हणून पडदा आतल्या दाराला लावला. पुढच्या फाल्गुनात पुन्हा बुडवता येतो.

आणि याच कामात एक गोष्ट हाती लागली. घरधनी आपल्या आईला याडी म्हणतो, तांड्यात आईला तसेच म्हणतात. त्या याडीची पेटी मुलींनी गोधडीसाठी चिंध्या शोधायला उघडली. तळाशी तिचा लग्नातला फेटिया, म्हणजे घागरा. आरसे, कवड्या, लाल-निळ्या कापडाचे तुकडे आणि सुईचे असे काम की आज कुणाला तेवढा वेळ नाही आणि नजरही नाही. सून म्हणाली, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई परवाच येऊन गेली, हा दिला असता तर एक घमेले मिळाले असते. म्हातारी काही बोलली नाही. नुसती कवड्यांवरून हात फिरवत बसली. श्रोतेहो, पुसद, महागाव, दिग्रस या भागातल्या तांड्यांतून असे किती फेटिये आणि कांचळ्या एकेका घमेल्यावर गेल्या असतील! ज्या घरात पाहुण्यांना दाखवायला काही नाही म्हणून बाप कर्ज काढणार होता, त्या घरात ही वस्तू पेटीत पडून होती.

फेटिया कापायचा नाही, एवढे आम्ही ठरवले. दोन बांबूच्या काठ्यांत त्याचा घेर पसरून आभाळी भिंतीवर टांगला. खिळा कापडातून मारू नका, काठीला दोरी बांधा. पावसाळ्यात उतरवून सावलीत वाळवा, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून घडी करा. ऊन थेट पडेल अशी जागा देऊ नका.

शिक्षक बंधू-भगिनींना एक सुचवते. आपल्याकडे शेताला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी म्हणतात. मुलांना सांगा की आपापल्या शेतातून, नाल्यातून, गढीच्या पायथ्यापासून, पूस नदीच्या काठावरून चिमूटभर माती आणा. काळी, तांबडी, पिवळी, पांढरी, राखी असे पाच-सहा रंग सहज जमतात. त्या वाटून, गाळून, डिंकात कालवून शाळेच्या भिंतीवर लावा. भूगोल आणि चित्रकला दोन्ही एका तासात होतात. पण मुलांनी काय काढायचे? हल्ली शाळाशाळांतून वारली चित्रे नकलून काढलेली दिसतात. वारली चित्र थोर आहे. शेणामातीच्या आणि गेरूच्या भिंतीवर नुसत्या तांदळाच्या पिठाने ते काढत, आणि ती कला जगापुढे नेणारे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. पण ते त्यांच्या डोंगराचे, त्यांच्या भातशेतीचे चित्र आहे. आमच्या पोरांनी पऱ्हाटी काढावी, बोंडे काढावीत, पोळ्याचे तोरण काढावे.

आणि रंग मुळीच नसेल तरी काम अडत नाही. वर्ध्याजवळ सेवाग्रामला जाल तेव्हा बापू कुटीच्या भिंती जवळून पाहा. गांधीजी १९३६ साली त्या गावी राहायला आले, तेव्हा त्याचे नाव शेगाव होते. त्या कुटीच्या भिंतीवर मीराबेननी भिंतीच्याच मातीत उठावाची झाडे आणि चरखा काढला आहे. दुसरा रंग नाही. तिरपे ऊन आले की सावलीनेच चित्र उमटते. मातीचे घर अजून ज्यांचे आहे, त्यांना हे करता येईल. सिमेंटवर मात्र माती धरत नाही.

तांड्यावरच्या त्या घराचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचारालच. रंगासाठी पैसे काढावे लागले नाहीत. मंडपाची उधारी मात्र झालीच, ते माझ्या हातात नव्हते. लग्नाला आलेल्या बाया आभाळी भिंतीपाशी थबकत होत्या, आणि म्हातारी याडी कुठला टाका कुणाकडून शिकली ते सांगत होती. मृगाचा पाऊस आला तेव्हा बाहेरून पश्चिमेच्या बाजूची वेल वाहून गेली, कारण तिकडे छपराला वळचण नव्हती आणि मला ते आधी सुचले नाही. दिवाळीत धाकट्या मुलीने ती भिंत पुन्हा सारखी केली. या वेळी वेल नाही, पऱ्हाटीचे झाड काढले आहे. बोंडे जरा झाडापेक्षा मोठी झाली आहेत.