पोटभर जेवण्यात पाप नाही



घरात सगळे जेवून उठतात, मग बाई जेवायला बसते. कालवणात नुसता रस्सा उरलेला असतो. तुकडी संपलेली असते. आधी जेवली, तर तिला चोरी केल्यासारखं वाटतं.

ही चोरी नव्हे. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. रक्त कमी असलं, की धाप लागते, चक्कर येते. बाळंतपण जिवावर बेतू शकतं.

मासळीनं, पालेभाजीनं रक्त वाढतं. भाजीवर लिंबू पिळा, ती अधिक अंगी लागते. नाचणीची भाकरी हाडांना बळ देते.

भावांनो, तिची तुकडी आधी बाजूला काढा. बहिणींनो, बरोबरीनं बसा, पोटभर जेवा. राबणाऱ्या अंगाला अन्न हवंच. त्यात पाप कसलं?