बेडकीच्या अंड्यात पारा कुठून आला?

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत दिलेली माहिती)



आज हप्त्यांचा नाही, बेडकांचा विषय घेतेय. हसू नका, हा विषय शेवटी आपल्या घरातच येतो.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात साउथ रिव्हर नावाची नदी आहे. तिच्या काठी वेन्सबरो गावात कृत्रिम धाग्याचा कारखाना होता. १९२९ ते १९५० या काळात तिथं पारा वापरायचे. तो नदीत गेला. वापर बंद होऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली, तेव्हा शास्त्रज्ञांनी तिथले प्राणी तपासले. पाण्यातल्या सॅलॅमँडरच्या अंगात पारा सापडला. हा प्राणी दिसतो पालीसारखा, पण आहे बेडकाच्या नात्यातला. काठावरच्या बेडकांतही पारा होता. माद्यांकडून तो अंड्यांत उतरला होता. ज्या मादीत पारा जास्त, तिची पिल्लं कमी जगली.

इतकी वर्षं पारा गेला कसा नाही? कारण तो कुजत नाही. तळाच्या गाळात बसतो. गाळातले सूक्ष्म जीव त्याचं जास्त विषारी रूप बनवतात. ते किड्यांत जातं, किडे खाणाऱ्या बेडकांत आणि माशांत साठतं. असे मासे गरोदर बाईनं खाल्ले तर पोटातल्या बाळाच्या मेंदूला धोका असतो.

आता आपलं घर बघा. ताप मोजायचं जुनं काचेचं थर्मामीटर, सीएफएल बल्ब, ट्यूबलाइट, या सगळ्यांत पारा असतो. फुटलं की आपण ओढ्याकाठच्या उकिरड्यावर टाकतो. पावसात ते सगळं ओढ्यात!

म्हणून एवढं करा:

- फुटलं तर मुलांना बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडा.
- बांगड्या, अंगठी काढून ठेवा. पारा सोन्याला चिकटतो.
- हात लावू नका, झाडू मारू नका. पाऱ्याचे मणी जाड कागदानं गोळा करून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा.
- मोरीत ओतू नका, जाळू नका.
- न फुटलेले बल्ब, ट्यूब वेगळ्या खोक्यात ठेवा.

सरकारी नियमांनुसार हा कचरा वेगळाच द्यायचा असतो. तुमच्या ग्रामपंचायतीत तो कोण घेतं, कुठं ठेवतात, हे विचारा. सोय नसेल तर ग्रामसंघाचा ठराव करून मागा. पुढच्या बैठकीत प्रत्येक गावाचं उत्तर लिहून घेणार आहे मी.

ओढा आपलाच आहे, पाणीही आपणच भरतो.