गाडी बंद, किल्ली खिशात

रविवारी सकाळी वाळूजच्या बजाजनगरात कुठल्याही गल्लीत या. दर तिसऱ्या घरासमोर एक मोटारसायकल डबल स्टँडवर उभी दिसेल. शेजारी बादली, शॅम्पूची पुडी आणि फाटक्या बनियनचं फडकं. आठवडाभर शिफ्टच्या वेळा सांभाळणाऱ्या माणसाला गाडी धुवायला हाच एक दिवस मिळतो. टाकी अगदी तोंड दिसेपर्यंत घासली जाते. हँडल, आरसे, सीट, सगळं मन लावून होतं. शेवटी उरतं मागचं चाक आणि चेन. तोवर उन्हं वर आलेली असतात, आतून जेवायची हाक येते आणि माणूस घाई करायला लागतो. त्या घाईबद्दल मला आज बोलायचं आहे.

वाळूज हे दुचाकीवर वाढलेलं गाव. १९८५ मध्ये इथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याच्या पुढच्या वर्षी कावासाकीच्या सहकार्यानं ‘केबी १००’ ही मोटारसायकल बाजारात आली. सुटे भाग बनवणारे लहान-मोठे कारखाने आसपास उभे राहिले, आणि गंगापूर, वैजापूर, कन्नडकडची आमच्यासारखी माणसं इथे खोल्या करून राहिली. गाडीच्या गावात राहतो म्हणजे गाडीतलं कळतं, असा आमचा सगळ्यांचाच समज. मी स्वतः सुट्या भागांच्या एका कारखान्यात बावीस वर्षं काढली. पण चेन कशी साफ करायची हे मला घरी कुणी शिकवलं नव्हतं. शिकवणार तरी कोण? आमच्या आधीच्या पिढीची गाडी म्हणजे चेतक स्कूटर, आणि चेतकला चेनच नव्हती. तिचं इंजिन मागच्या चाकाला लागूनच, गिअरबॉक्समधला दांडा सरळ चाकात. ना चेन ढिली व्हायची, ना तेल द्यावं लागायचं. २००९ मध्ये बजाजनं स्कूटर बनवणं बंद करायचं जाहीर केलं. ती चेतक २०२० मध्ये परत आली ती विजेवरची, आणि तिलाही चेन नाही. मधल्या काळात घरोघरी मोटारसायकल आली. तिच्याबरोबर चेन आली आणि चेनबरोबर गल्लीतलं ज्ञान आलं.

त्या ज्ञानातली एक युक्ती अशी : गाडी डबल स्टँडवर लावायची, इंजिन चालू करायचं, पहिला गिअर टाकायचा. चाक आपोआप फिरतं. आपण फक्त फडकं धरून बसायचं, चेन आपणहून पुसली जाते. दोन मिनिटांत काम. मी वर्षानुवर्षं तसंच केलं, आणि माझ्या धाकट्या भावालाही तसंच शिकवलं. हौसेनं शिकवलं.

२००९ चा पावसाळा होता. भाऊ आयटीआय करून नुकताच कामाला लागला होता आणि आमच्याकडेच राहत होता. मी आत दाढी करत होतो. बाहेरून ‘दादा’ एवढीच हाक आली, ओरडणं नव्हे. मी गेलो तर तो डाव्या हातानं उजवा हात घट्ट धरून पायरीवर बसलेला, आणि गाडी मात्र तशीच चालू, चाक फिरतंय. मी आधी गाडी बंद केली. उजव्या हाताच्या तर्जनीचं पहिलं पेर गेलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी जखम शिवली, पेर काही परत बसलं नाही. आज त्याचं सगळं नीट चाललं आहे, दोन मुलं आहेत. शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावताना मात्र त्याला दोनदा प्रयत्न करावा लागतो, आणि तो ते करत असला की मी दुसरीकडे बघतो.

हे कसं घडतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. गाडी पुढे जाते तेव्हा चेनची वरची बाजू पुढे, इंजिनाकडे ओढली जाते. खालची बाजू मागे, मोठ्या स्प्रॉकेटकडे जाते. (गॅरेजमध्ये सगळे ‘स्पॉकेट’ म्हणतात, मीही घरी तेच म्हणतो.) आपण पुसतो ती बहुतेक वेळा खालची बाजू, कारण तिथंच हात पोचतो. म्हणजे चालू गाडीत चेन आपलं फडकं थेट मोठ्या स्प्रॉकेटच्या दातांत नेऊन देत असते. शंभर सीसीची गाडी पहिल्या गिअरमध्ये, एक्सिलरेटर न देता, मागचं चाक मिनिटाला साधारण चाळीस-पन्नास वेळा फिरवते. स्प्रॉकेटला ४२ दात आणि चेनच्या दोन पिनांमध्ये १२.७ मिलीमीटर अंतर धरलं, तर चाकाच्या एका फेऱ्यात ५३३ मिलीमीटर चेन सरकते. म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ हातभर. फडक्याचा एक धागा दातात अडकला की बोट सोडवायला अर्धा सेकंदही मिळत नाही. आणि इंजिनाला तुमचं बोट मध्ये आल्याचं कळत नाही, ते थांबत नाही.

म्हणून गाडी बंद. नुसती बंद नव्हे, किल्ली काढून खिशात, आणि गिअर न्यूट्रलमध्ये. चाक हातानं फिरवायचं आणि तेही उलटं, मागच्या दिशेनं. उलटं फिरवलं की खालची चेन मोठ्या स्प्रॉकेटपासून दूर, पुढे जाते. फडकं ओढलं गेलंच तरी दातांपासून लांब जातं. उलटं फिरवताना वरची बाजू मात्र मागे स्प्रॉकेटकडे येते, तेव्हा वरच्या बाजूला हात लावायचा नाही. डबल स्टँड नसेल तर गाडी वीतभर पुढे ढकलायची, थांबायचं, तेवढी चेन पुसायची, पुन्हा ढकलायची. वेळ लागतो. दोन मिनिटांऐवजी वीस मिनिटं लागतात.

चेन म्हटली तर किती साधी गोष्ट. मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये ती आजच्या रूपात आणली : पिन, पिनेवर बुश, बुशवर फिरणारा रोलर आणि दोन्ही बाजूंना पट्ट्या. तेव्हापासून रचना तीच. लोक म्हणतात चेन ताणली. पोलाद असं रबरासारखं ताणत नाही. प्रत्येक पिन आणि बुश आतून थोडं थोडं झिजतं, आणि शंभरावर कड्यांची ती झीज एकत्र होऊन चेन लांब दिसते. झीज करणारा चोर म्हणजे धूळ. आपल्याकडे उन्हाळ्यात नगर रोडची धूळ आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, दोन्हींना तोटा नाही. आषाढी एकादशीला आमच्याकडच्या छोट्या पंढरपूरला जी गर्दी लोटते, तिच्यातून गाडी काढून घरी आलं की चेनकडे बघवत नाही.

आता तेलाबद्दल. इंजिनातून काढलेलं काळं ऑइल चेनवर ओतायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. फुकट असतं ना! पण त्या ऑइलमध्ये इंजिनातली घाण आणि धातूचा बारीक चुरा असतो. म्हणजे झीज थांबवायला आपण झिजवणारीच वस्तू वापरतो. आधी चेन रॉकेलनं किंवा चेन क्लीनरनं साफ करा. रॉकेल आता सहज मिळत नाही, पण लागतं थोडंच. जुना दात घासायचा ब्रश चांगला. तारेचा ब्रश नको आणि पेट्रोल तर नकोच. अनेक गाड्यांच्या चेनमध्ये कडीच्या पट्ट्यांमध्ये बारीक रबरी रिंगा असतात, आतलं ग्रीस त्यांनीच धरून ठेवलेलं असतं. पेट्रोलनं त्या खराब होतात. शिवाय घराच्या दारात, पोरंबाळं खेळत असताना पेट्रोलची वाटी ठेवणं हा वेगळाच धोका. चेन कोरडी पुसून झाली की ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेनचा स्प्रे, खालच्या बाजूच्या आतून, थेंब थेंब. चाक फिरतं तेव्हा तेल बाहेरच्या बाजूला जातं, म्हणून आतून द्यायचं. जास्तीचं पुसून टाकायचं, नाहीतर उद्या ते पँटवर आणि टायरवर येतं. हे शक्यतो संध्याकाळी करावं. रात्रभरात तेल कड्यांत मुरतं.

किती दिवसांनी? उघड्या चेनला साधारण दर ५०० किलोमीटरला. शेंदूरवाद्याहून किंवा गंगापूरहून रोज येणाऱ्यानं आपला हिशेब करावा. दिवसाला ४० किलोमीटर धरले तरी दोन आठवडेही होत नाहीत तोच पाळी येते. पूर्ण झाकलेल्या चेनला एवढी घाई नाही, पण कव्हर आहे म्हणून आत कधी पाहिलंच नाही, असेही लोक मला भेटले आहेत.

चेन किती ढिली असावी हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. खालच्या बाजूच्या मध्यावर बोटानं वर-खाली हलवून पाहा. लहान गाड्यांना साधारण २० ते ३० मिलीमीटर खेळ चालतो, पण तुमच्या गाडीबरोबर आलेल्या पुस्तकातला आकडा खरा. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी पाहा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथं सगळ्यात घट्ट, तिथलं माप धरा. आवाज नको म्हणून काही जण चेन तारेसारखी ताणून घेतात. मग नवरा-बायको आणि पोरगं गाडीवर बसलं की स्विंगआर्म वर जातो, चेन आणखी ताणली जाते, आणि बेअरिंगवर भार येतो. ढिली चेन निदान खडखड करून सांगते तरी. फार झिजलेली चेन ओळखायची खूण म्हणजे मोठ्या स्प्रॉकेटच्या मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून मागे ओढायची. दातावरून बरीच उचलली गेली तर दिवस भरले. मग नुसती चेन बदलू नका, दोन्ही स्प्रॉकेट बरोबर बदला. जुने आकड्यासारखे वाकलेले दात नवी चेन लवकर खातात. आणि चेनलॉकची क्लिप बसवताना तिचं बंद टोक चेन ज्या दिशेला जाते त्या दिशेला हवं. उघडं टोक पुढे आलं तर एखाद्या दगडानं क्लिप उडू शकते. मिस्त्रीनं बसवली असली तरी एकदा वाकून बघा, त्यात कुणाचा अपमान नाही.

चाकांचं थोडक्यात सांगतो. आधी चेन आणि मग चाक, कारण चेनची घाण रिमवरच उडते. रिमवरचे काळे डाग रॉकेलच्या बोळ्यानं जातात, मग साबणपाणी. डिस्क ब्रेक असेल तर तिकडे तेलकट बोळा फिरकू देऊ नका. तारांच्या चाकात स्पोकच्या मुळाशी पाणी साचून गंज धरतो, तिथं कोरडं फडकं फिरवा. पुसता पुसता प्रत्येक तारेवर पान्यानं हलकेच टिचकी मारा. बाकीच्या तारा टणटण वाजतात आणि ढिली तार बद्द आवाज देते. अलॉय चाक गाडी चालवून आल्या आल्या गार पाण्यानं धुवू नका. वॉशिंग सेंटरवर पाण्याचा जोराचा फवारा एक्सलच्या तोंडाशी किंवा चेनवर मारू देऊ नका, पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. आणि टायरला चमक यायला जे लावतात ते बाजूला लावलं तर लावलं, रस्त्याला टेकणाऱ्या भागाला अजिबात नाही. पावसात वळणावर त्याची किंमत कळते.

माझा भाऊ अजूनही दर पंधरा दिवसांनी स्वतःच चेन साफ करतो. मी म्हटलं होतं, गॅरेजला देत जा. तो म्हणाला, ‘दादा, गॅरेजमधली पोरं पण गाडी चालू ठेवूनच करतात.’ म्हणून तो गाडी डबल स्टँडवर लावली की किल्ली आधी घरात, वहिनीच्या हातात देतो. ती स्वयंपाकघरात कुठंतरी ठेवते आणि मग शोधत बसते. त्यावरून आमच्या घरी दर वेळी वाद होतो.

एक राहिलं. चेन ताणताना मागचं चाक मागे सरकतं, त्याबरोबर ड्रम ब्रेकचा खेळ बदलतो. एक्सलचं नट पूर्ण आवळलं का ते पाहा, दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या आहेत का ते पाहा, ब्रेकचा रॉड पुन्हा जुळवा. चाक हातानं फिरवून ब्रेक दाबा आणि सोडा, चाक मोकळं फिरायला हवं. धुतल्यावर ब्रेक ओले असतात. तेव्हा पहिले दोन-चार ब्रेक गल्लीतच, हळू चालवत दाबून बघा, आणि मगच नगर रोडला गाडी लावा.