मनातले मत आणि चारचौघांतले वागणे

माणसाच्या पोटात एक आणि ओठांत दुसरेच असते, अशी आपली नेहमीची तक्रार. असे कोणी वागले की आपण त्याला ढोंगी म्हणतो आणि विषय तिथेच संपवतो. सामाजिक मानसशास्त्राला मात्र तो तिथे संपवता येत नाही. मत आणि वर्तन यांत अंतर का पडते, हाच या शास्त्राचा एक जुना प्रश्न आहे.

एखाद्या व्यक्तीविषयी, वस्तूविषयी किंवा जमातीविषयी आपल्या मनाचा जो टिकाऊ कल असतो, त्याला ‘अभिवृत्ती’ म्हणतात. तिला तीन अंगे असतात: काही समजूत, काही भावना आणि विशिष्ट तऱ्हेने वागण्याची तयारी. ‘अमक्या जातीचे लोक अस्वच्छ असतात’ ही समजूत झाली, त्यांच्याविषयी वाटणारी नावड ही भावना, आणि त्यांना घर भाड्याने न देण्याचा विचार ही वागण्याची तयारी. आता प्रश्न असा, की ही तयारी दर वेळी वागण्यात उतरते का?

रिचर्ड लापिएर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने याचा पडताळा पाहिला. त्या काळी अमेरिकेत चिनी लोकांविषयी बराच आकस होता. 1930 पासून सुमारे दोन वर्षे एका चिनी दांपत्याला बरोबर घेऊन लापिएरने देशभर मोटारीने प्रवास केला. अडीचशेच्या वर हॉटेले, उपाहारगृहे आणि उतरण्याच्या जागा त्यांनी गाठल्या. नकार मिळाला तो फक्त एके ठिकाणी! पुढे त्याने त्याच जागांना पत्रे पाठवून विचारले, की चिनी पाहुणे तुमच्याकडे चालतील का? उत्तरे आली 128, आणि त्यांतली शेकडा नव्वदांहून अधिक ‘नाही’ अशी होती. हे संशोधन 1934 साली प्रसिद्ध झाले.

यावर टीकाही झाली, आणि ती रास्त आहे. पत्राला उत्तर देणारा आणि दारात स्वागत करणारा माणूस एकच होता, असे कोठे आहे? शिवाय बरोबर एक गोरा प्राध्यापक होता. पण या टीकेतूनच खरी गोष्ट हाती लागते. कागदावर ‘चिनी’ हा नुसता एक शब्द होता, दारात मात्र नीटनेटके कपडे घातलेली, हसून बोलणारी दोन माणसे उभी होती. प्रसंग बदलला की अभिवृत्तीची पकड सैल होते किंवा घट्ट होते.

प्रसंगात सर्वांत वजनदार गोष्ट कोणती, तर भोवतालची माणसे. आपल्याकडे म्हणतात, पाचांमुखी परमेश्वर. सॉलोमन ॲश याने 1950 च्या सुमारास अमेरिकेत जे प्रयोग केले, त्यांत या पाच मुखांचीच परीक्षा झाली म्हणा ना! एक रेघ दाखवायची आणि दुसऱ्या तीन रेघांतली तिच्याएवढी कोणती, ते सांगायचे. काम पोरासोरांना जमेल असे. पण खोलीतले बाकीचे सगळे प्रयोगकर्त्याने पढवून ठेवलेले. ते ठरल्याप्रमाणे एकमुखाने चूक उत्तर देत, आणि खऱ्या उमेदवाराची पाळी शेवटी-शेवटी येई. एकट्याने उत्तरे देताना शेकड्यात एकही चूक होत नसे. या मंडळींत मात्र अशा प्रश्नांपैकी शेकडा सुमारे 37 उत्तरे बहुमताच्या बाजूला झुकली. सुमारे एक-चतुर्थांश लोक अखेरपर्यंत एकदाही झुकले नाहीत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

आणि आता या प्रयोगाचा सर्वांत मोलाचा भाग पाहा. पढवलेल्यांपैकी एकाला ॲशने खरे उत्तर द्यायला सांगितले. बस्स, एवढ्यानेच बहुमताला मान तुकवण्याचे प्रमाण पूर्वीच्या एक-चतुर्थांशावर आले. बहुमताची ताकद त्याच्या संख्येपेक्षा त्याच्या एकमुखीपणात अधिक असते.

म्हणून समूह वाईटच, असे मात्र समजू नका. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मांसाची टंचाई होती. काळीज, गुरदे असले न आवडणारे भाग गृहिणींनी स्वयंपाकात वापरावेत, अशी सरकारची इच्छा. कुर्ट लेविन याने काही गटांना त्यावर चांगली व्याख्याने ऐकवली, तर काही गटांना आपापसांत चर्चा करून हात वर करून निर्णय घ्यायला लावले. पुढे चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकणाऱ्यांपैकी शेकडा 3 बायकांनी, तर निर्णय घेणाऱ्यांपैकी शेकडा 32 जणींनी ते पदार्थ करून पाहिले होते. व्याख्याने देऊन पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याने हे आकडे भिंतीवर लावून ठेवावेत असे आहेत!

हे सारे आपल्या दारापर्यंत आणून पाहू. समजा, तुमच्या सोसायटीची सभा भरली आहे. ‘अमक्या लोकांना जागा द्यायची नाही’ असे एक वजनदार गृहस्थ म्हणतात. दोघे माना डोलावतात, उरलेले गप्प. त्या गप्प राहणाऱ्यांत कित्येकांना ते पटलेले नसते. पण प्रत्येक जण दुसऱ्याच्या गप्प बसण्याला संमती समजतो आणि घरी जाऊन म्हणतो, ‘काय करणार, सगळ्यांचे तसेच मत पडले.’ खरे म्हणजे ते सगळ्यांचे नव्हतेच! आणि त्या ठरावापायी एखादे कुटुंब मात्र सामान घेऊन घरे शोधत हिंडत राहते.

अशा वेळी भाषण ठोकायची गरज नाही. ‘मला हे पटत नाही’ एवढे चार शब्द शांतपणे बोलावेत, आणि शक्य तर पहिली दोन-तीन मते पडायच्या आत बोलावेत. ठराव त्याने बदलेलच असे नाही. पण तुमच्यासारखाच विचार करून गप्प बसलेल्या शेजाऱ्याला आपण एकटे नाही एवढे कळेल, आणि मग कदाचित तोही बोलेल.