पहिली कालवड दुसऱ्या घराला

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं भाषण)

आजच्या सभेतला तिसरा विषय आहे पुरात घरं गेलेल्या नदीकाठच्या कुटुंबांसाठी जमलेल्या वर्गणीचा. सगळ्या गटांचे मिळून ३१ हजार रुपये जमलेत. मागच्या सभेत यावर दोन मतं पडली. काहीजणी म्हणाल्या, किराणा भरून द्या आणि मोकळं व्हा. काहीजणी म्हणाल्या, हाताला काम मिळेल असं काहीतरी द्या. आवाजही चढले होते. म्हणून हात वर करून घेण्याआधी अध्यक्षताईंनी मला दहा मिनिटं दिलीत. तेवढ्यात मी तुम्हाला गायीची गोष्ट सांगते. गोष्ट लांबची आहे, पण खरी आहे.

१९३६ ते १९३९ या काळात स्पेन देशात आपसातलं युद्ध पेटलं होतं. लाखो माणसं घरदार सोडून निघाली. तेव्हा अमेरिकेतला एक शेतकरी, डॅन वेस्ट, आपल्या चर्चच्या वतीने तिथे मदतीला गेला. त्याच्या चर्चचं नाव 'चर्च ऑफ द ब्रेदरन'. काम काय, तर भुकेल्या पोरांना दुधाच्या पावडरीचं दूध वाटायचं. रोज रांग लागायची, आणि सगळ्यांना पुरेल इतकं दूध कधीच नसायचं. आपल्यापैकी ज्यांनी अंगणवाडीत खाऊ वाटलाय, त्यांना भांडं खाली होताना पोटात कसं कालवतं ते माहीत आहे. डॅनच्या मनात आलं की या पोरांच्या घरी कपभर दुधाऐवजी गायच का देऊ नये?

परत गेल्यावर त्याने चर्चमधल्या लोकांपुढे ही कल्पना मांडली. तीही शेतकरी माणसं. कुणी कालवड दिली, कुणी चारा, कुणी पैसे. कालवडी पाठवायच्या त्या गाभण, म्हणजे तिकडे गेल्यावर व्याली की दूध सुरू. पण तोवर मोठं महायुद्ध सुरू झालं होतं, युरोपात काही पाठवता येईना. म्हणून १९४४ मध्ये पहिल्या १७ कालवडी पोर्तो रिको नावाच्या गरीब बेटावर गेल्या. युद्ध संपल्यावर पोलंडसारख्या उद्ध्वस्त देशांत गेल्या, आणि पुढे जर्मनीत आसरा घेतलेल्या निर्वासित कुटुंबांकडेही. तेव्हा एकट्या जर्मनीत पूर्वेकडून हाकलून दिलेली एक कोटीहून जास्त माणसं येऊन पडली होती. ना जमीन, ना ओळखीचं माणूस. अशाला उधार तरी कोण देणार? युद्धानंतर जनावरं घेऊन जाणाऱ्या बोटींवर दोन वर्षांत सुमारे सात हजार माणसं राखणदार म्हणून गेली. भर समुद्रात शेण काढणं, पाणी पाजणं. हसू नका, खरंच सांगतेय!

आता खरा मुद्दा ऐका. गाय फुकट मिळायची, पण एका अटीवर. तिला होणारी पहिली कालवड दुसऱ्या गरजू घराला द्यायची. त्या घराने पुढच्या घराला. म्हणजे आज घेणारी बाई उद्या देणारी होते. आपल्या फिरत्या निधीचं तरी दुसरं काय असतं? आपण पैसा फिरवतो, त्यांनी वासरू फिरवलं. मला यात सगळ्यात जास्त आवडतं ते हे, की घेणाऱ्याची मान खाली जात नाही. पीठ घेताना बाई पदर पुढे करते, आणि कालवड देताना तिचं नाव होतं.

त्याच चर्चच्या लोकांनी १९४९ मध्ये आणखी एक काम काढलं, 'सर्व' नावाचं. युरोपातल्या निर्वासितांनी हाताने बनवलेल्या वस्तू, जर्मनीतली लाकडी कोरीव घड्याळं वगैरे, विकत घ्यायच्या आणि अमेरिकेत विकायच्या. दान मागायला नको, कष्टाचं दाम मिळालं. बचत गटाच्या स्टॉलवर दिवसभर उन्हात उभं राहिलेल्यांना या दोन्हींतला फरक मी काय सांगणार?

पण म्हणून उद्या सगळ्यांना जनावर वाटू या, असं मी म्हणत नाहीये. डॅनच्या लोकांनी गाय दिली, कारण घेणारेही शेतीतले होते आणि गायीची उठबस त्यांना ठाऊक होती. आपली कुटुंबं सध्या गायरानावर पत्र्याच्या शेडात आहेत. गोठा नाही, चारा विकतचा. तिथे गाय म्हणजे घरात एक खाणारं तोंड वाढलं. कुणाला शेळी परवडेल, कुणाला शिलाई मशीन, कुणाला भाजीच्या धंद्याला नुसता वजनकाटा. हे आपण इथे सतरंजीवर बसून ठरवायचं नाही, त्यांना विचारायचं. आणि किराण्याची बाजू घेणाऱ्या मावश्यांचंही खोटं नाही. चूल पेटत नसेल तर शेळीसुद्धा आठवड्यात बाजारात जाते. पहिला महिना पीठ-मीठ लागणारच.

माझं म्हणणं असं. दहा हजारांचा किराणा या आठवड्यात द्यावा. उरलेले २१ हजार ग्रामसंघाच्या खात्यात वेगळे ठेवावेत. वस्तीतल्या बायकांचा एक गट बांधावा, आणि पहिली वस्तू कुणाला, दुसरी कुणाला, हे त्यांच्याच बैठकीत ठरू द्यावं. शेळी घेणारीने पहिली पाठ पुढच्या घरी द्यायची. मशीन घेणारीने थोडे थोडे पैसे परत टाकायचे, व्याज नाही. शेळी मेली तर काय, याचा नियम आधीच लिहून ठेवायचा. नाहीतर भांडणं ठरलेली. विम्याचं पशुसखीताई बघतील, त्यांच्याशी माझं बोलणं झालंय. आणि यादी करताना जात-धर्म बघायचा नाही. त्या वस्तीत तीन घरं परगावची आहेत, कुणाच्या ओळखीची नाहीत. त्यांची नावं यादीत पहिली घाला.

आता ज्यांना बोलायचं आहे त्यांनी बोला. सचिवताई, ठरावाची वही घ्या.