बाबांची टेप
(जिल्हा मेळाव्यात झालेले भाषण)



कापसाच्या भावावर पुढचे वक्ते बोलतील. आम्ही आज आमच्या घरची गोष्ट सांगणार आहोत. पण ती आमच्या एकट्याच्या घरची नाही.

१९८८ साली, मृगाच्या आधी, दूरचित्रवाणीची गाडी आमच्या वावरात आली होती. १९८७ चा दुष्काळ अजून सगळ्यांच्या अंगावर होता. कोरडवाहूत पाणी कसं मुरवायचं, असा विषय. बाबांनी उताराला आडवी तिफण धरून दाखवली. मग म्हणाले, "पाणी आम्ही अडवलं साहेब, भाव पाडणाऱ्याला कोण अडवणार?"

ग्रामपंचायतीच्या टीव्हीसमोर अख्खं गाव बसलं. बाबा दिसले, तिफणीबद्दल बोलले. भावाचं वाक्य तेवढं गळालं होतं.

२०११ साली बाबा गेले. ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून भिंतीला लावलाय. आवाज कुठेच नाही. आई म्हणाली, "साऱ्या जिल्ह्याचे अर्ज लिहितोस, एक तुझ्या बापासाठी लिही."

लिहिला. उत्तर नाही. मग २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये भरून नोंदवहीच्या पानाची प्रत मागितली. ती आली. कार्यक्रमाची तारीख होती, निर्मात्याचं नाव होतं, तज्ज्ञांचं नाव पदवीसकट होतं. खाली लिहिलं होतं, 'एक शेतकरी'. आणि शेरा : टेप पुन्हा वापरली.

टेप पुसली याचा राग धरता येत नाही. त्या काळी टेप महाग होती. एकीवरच पुन्हा पुन्हा मुद्रण व्हायचं. जगभर हेच झालं. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, त्या चित्रणाच्या मूळ टेपसुद्धा पुसून वापरल्या गेल्या असाव्यात, असं अमेरिकेच्या नासानं २००९ मध्ये सांगितलं. आईला हे सगळं समजावलं. ती म्हणाली, "टेप पुसली ते कळलं. नाव लिहायला काय टेप लागत होती?"

भावांनो, याला आमच्याजवळ उत्तर नव्हतं. ज्याच्या वावरात चित्रण, ज्याची तिफण, ज्याचं ज्ञान, तो 'एक शेतकरी'. बाजारात आपल्या मालाचं होतं तेच इथं आपल्या नावाचं झालं.

तुमच्यापैकी कुणाचे आईवडील असे कधी पडद्यावर आले असतील, तर शोधा. साल, महिना, कार्यक्रम, गाव, विषय आणि सोबतच्या तज्ज्ञाचं नाव आधी गोळा करा, कारण नोंद बहुधा साहेबांच्या नावानं सापडते, आपल्या नाही. 'शोधून द्या' असं मोघम लिहू नका. नोंदवहीच्या पानाची प्रत मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. खाजगी वाहिनीला हा कायदा लागत नाही; तिथं साधं पत्रच द्यावं लागेल. घरात, नातेवाइकाकडे जुनी व्हिडिओ कॅसेट निघाली तर लगेच मशीनमध्ये घालू नका. ओलाव्यानं टेप चिकट होते, थर सुटतो, आणि मग उरलंसुरलंही जातं. जाणकाराकडून नक्कल करून घ्या.

आणि जे म्हातारे आज आहेत त्यांच्यासाठी कुणाची गाडी येण्याची वाट पाहू नका. मोबाइल खिशात आहे. आधी नाव, गाव, तारीख त्यांच्याच तोंडून वदवा. मग बोलू द्या, मधलं काही कापू नका. नक्कल दोन ठिकाणी ठेवा, मोबाइलही बिघडतो.

गेल्या संक्रांतीला आईला समोर बसवलं. तिनं स्वतःचं नाव सांगितलं, बाबांचं पूर्ण नाव घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही ते तिच्या तोंडून ऐकलं. मग भावाचं ते गळालेलं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. बाबांचा आवाज मिळाला नाही. वाक्य मात्र आता घरात आहे, आणि ते विचारायचं काम अजून बाकी आहे.

एवढं सांगून आम्ही थांबतो.