सुईतले गूढ आणि सुईमागचे हिशेब

(पुसेगाव, जि. हिंगोली येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोयाबीनचे भाव, पीकविमा, रोजगार हमीची थकलेली मजुरी असे जिव्हाळ्याचे विषय समोर असताना अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने इंजेक्शन ह्या विषयावर बोलावे, ह्याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. विषय निवडण्याचे कारण प्रथम सांगतो.

गावोगावची तरुण मुले हल्ली मोबाईलवर मालिका पाहतात. त्यांत एक साचा फार चालतो. कुठेतरी एक गुप्त पंथ असतो. त्याचे सभासद सरकारात, पोलिसांत, रुग्णालयांत, सर्वत्र पेरलेले असतात. रात्रीच्या अंधारात कोणाच्या तरी दंडात अनोळखी द्रवाची सुई टोचली जाते आणि तो माणूस स्वतःचा उरत नाही, पंथाचा गुलाम होतो. ही करमणूक आहे आणि करमणुकीवर रागावण्याचे माझे वय राहिलेले नाही. पण २०२१ साली करोनाची लस घेऊन आरोग्यपथके खेड्यांत गेली, तेव्हा हीच गोष्ट लोकांच्या तोंडून बातमी म्हणून ऐकू येऊ लागली. सुईतून शरीरात काहीतरी यंत्र सोडतात, दोन वर्षांत माणूस मरतो, बायकांना मूल होत नाही. हे बोलणारी माणसे मूर्ख नव्हती. कोणीही आपल्याला काही नीट सांगत नाही, हा त्यांचा पिढ्यांचा अनुभव होता, आणि त्या रिकाम्या जागेत ही कथा येऊन बसली.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. आत काय आहे हे ज्याला टोचले त्याला ठाऊक नव्हते, अशी इंजेक्शने आपल्या देशात खरोखर दिली गेली आहेत. ती देणारा पंथ गुप्त नव्हता. ती दिवसाउजेडी, पैसे मोजून घेऊन, शिक्के-सह्यांनिशी दिली गेली. त्यांचा हिशेब आपण मांडला पाहिजे.

पहिले उदाहरण मुंबईचे. ३० मे २०२१ रोजी कांदिवलीतील एका गृहसंकुलात लसीकरणाचे शिबिर झाले. ३९० रहिवाशांनी माणशी १,२६० रुपये देऊन लस टोचून घेतली. पुढे त्यांच्या लक्षात आले की कोणालाच ताप नाही, अंगदुखी नाही. प्रमाणपत्रे आली ती वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावांची, आणि त्या रुग्णालयांनी आपला ह्या शिबिराशी संबंध नसल्याचे सांगितले. तपास सुरू झाला तेव्हा अशी आणखी शिबिरे उघडकीस आली. जून महिन्यात राज्य सरकारने मुंबई उच्च न्यायालयात सांगितले की २,०५३ लोक ह्या बनावट शिबिरांना बळी पडले आहेत. लसीच्या जागी मिठाचे पाणी टोचले गेले असावे, असा पोलिसांचा संशय होता. हे लोक अडाणी नव्हते. शहरातले, शिकलेले, पैसे मोजू शकणारे होते.

असे शिबिर भरू कसे शकले? गुन्हेगारांची वृत्ती हे उत्तर पोलिसांना पुरते, अर्थशास्त्राला पुरत नाही. त्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत एकाच कंपनीच्या एकाच कोव्हिशील्ड लसीला तीन भाव होते. केंद्र सरकारला १५० रुपये, राज्य सरकारांना प्रथम ४०० आणि मग ३००, खाजगी रुग्णालयांना ६००. १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्वांना लस घेता येईल असे जाहीर झाले, पण लस पुरेशी नव्हती, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्राला अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाचे लसीकरण थांबवावे लागले. सरकारी केंद्रावर फलक ‘लस संपली’ असा, आणि पैसेवाल्यांसाठी खाजगी शिबिरांची वाट खुली. जीव वाचविणाऱ्या वस्तूची टंचाई करायची आणि तिला तीन दारे ठेवायची म्हटल्यावर चौथे दार चोर उघडणार, हे सांगायला फार मोठे शास्त्र लागत नाही. २१ जूनपासून केंद्राने तीन-चतुर्थांश लस स्वतः विकत घेऊन राज्यांना फुकट देण्याचे धोरण स्वीकारले. ते आधी स्वीकारले असते, तर त्या चोरांना गिऱ्हाईक मिळणे पुष्कळच कठीण झाले असते.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे. निजामाच्या राज्यात आपण ज्या हैदराबादशी बांधलेले होतो, त्याच हैदराबादजवळ पटनचेरू येथे १९८५ साली नेट-एन ह्या गर्भनिरोधक इंजेक्शनाच्या चाचणीसाठी बायका गोळा करण्यात आल्या. आपण एका प्रयोगात भाग घेत आहोत, ह्या औषधाने पाळी बिघडू शकते, ह्याची पुरेशी कल्पना त्यांना दिलेली नव्हती. स्त्रीशक्ती संघटनेच्या कार्यकर्त्या तेथे पोहोचल्या, त्यांनी ही माहिती सांगितली, तेव्हा अनेक स्त्रिया उठून निघून गेल्या. १९८६ साली ह्या संघटनेने इतर स्त्रीसंघटनांसह सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली.

त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळाने तोच धडा पुन्हा गिरवावा लागला. २००९ साली आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील बडोदा ह्या जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस हजारो मुलींना देण्यात आली. एक अमेरिकन संस्था, भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि राज्य सरकारे असा तो संयुक्त प्रकल्प होता. खम्ममच्या मुलींत वसतिगृहांत राहणाऱ्या आदिवासी मुली पुष्कळ होत्या. सात मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला. चौकशीत ह्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, हेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगतो. ती लस उपयुक्त आहे आणि जगातील शंभराहून अधिक देशांत दिली जाते. पण संसदीय समितीने २०१३ साली आपल्या अहवालात संमतिपत्रांचा जो हिशेब मांडला तो पाहा. आंध्रातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. लेक शेतमजुराची, दंड तिचा, आणि होकार दिला अधीक्षकाने! चांगल्या लसीलाही संशयाच्या खाईत लोटणारी गोष्ट ही आहे. पुढे एखाद्या गावातील आईने ‘माझ्या मुलीला सुई नको’ म्हटले, तर तिला अंधश्रद्धाळू म्हणण्याआधी ह्या २,७६३ सह्या आठवाव्यात.

तिसरे उदाहरण दूरचे नाही. ते आपल्या आठवडी बाजाराच्या दिवशी कोणत्याही दवाखान्याबाहेर दिसते. ताप आला, अंग मोडून आले, की माणूस म्हणतो, ‘डॉक्टरसाहेब, एक सुई मारा.’ कधी ‘ताकदीचे’ लाल इंजेक्शन, कधी सलाईन. ह्या शतकाच्या आरंभी झालेल्या एका देशव्यापी पाहणीत असे आढळले की भारतात वर्षाला सुमारे तीनशे कोटी इंजेक्शने टोचली जातात आणि त्यांतील सुमारे त्रेसष्ट टक्के असुरक्षित असतात. असुरक्षित म्हणजे काय, ते २०१८ साली उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात दिसले. तेथे स्वस्तात सुई टोचणाऱ्या भोंदू डॉक्टराकडील एकच सुई अनेकांना वापरल्यामुळे गरीब माणसांना एच.आय.व्ही.ची लागण झाल्याचे आढळले.

मजूर सुई का मागतो? कारण उद्याची मजुरी बुडविणे त्याला परवडत नाही. तीन दिवस विश्रांती घ्या हा सल्ला पगारी रजा असलेल्याला लागू पडतो. आणि डॉक्टर सुई का देतो? कारण सल्ल्याचे पैसे कोणी देत नाही, सुईचे देतो. गोळी औषधाच्या दुकानातही मिळते, तिची किंमत पाकिटावर छापलेली असते. सुईतल्या औषधाचे नाव आणि किंमत दोन्ही रुग्णाच्या दृष्टीआड राहतात. केनेथ ॲरो ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली दाखवून दिले की वैद्यकीय सेवेचा व्यवहार भाजीबाजारासारखा नसतो, कारण विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसते. आपल्या सुईचा धंदा ह्याच अज्ञानाच्या भांडवलावर उभा आहे.

हे गूढ उकलून पाहू या. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा लहान चमचे. साध्या सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. अत्यवस्थ रुग्णाचा त्यावर जीव वाचतो ह्यात शंका नाही, पण जो माणूस तोंडाने पाणी पिऊ शकतो त्याला ते शिरेतून देऊन शेकडो रुपये घेणे ही साखरेची आणि मिठाची काळ्या बाजारातली विक्री आहे. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी साखर-मिठाचे पाणी पाजून मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आणले. ह्या शोधाने जगभर असंख्य मुले वाचली. त्यात नफा नव्हता.

ह्या तिन्ही उदाहरणांतील समान धागा आता स्पष्ट व्हावा. ज्याच्या शरीरात औषध जाते त्याला सांगितले जात नाही. एके ठिकाणी न सांगण्यामागे चोरी असते, दुसरीकडे प्रयोग वेळेत उरकण्याची घाई, तिसरीकडे रोजचा नफा. गुप्त पंथाच्या कथेत ह्यांतले काहीच दिसत नाही. त्या कथेने खरा धोका निर्माण होतो तो येथे. सर्व सत्ता एका अदृश्य मंडळाच्या हाती आहे असे एकदा मानले, की ग्रामसभेत प्रश्न विचारण्यात अर्थ उरत नाही, लसीचे दर ठरविणाऱ्या सरकारला जाब विचारण्यात अर्थ उरत नाही, आणि गावाला तारणारी लसही नाकारली जाते. संशयाचे समाधान होते आणि खरा नफेखोर सुखाने झोपतो. म्हणून ही कथा लोकांच्या बाजूची वाटली तरी ती लोकांना निःशस्त्र करते.

विश्वास मिळविता येतो, ह्याला आपल्याच महाराष्ट्रात दाखला आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९७ मध्ये इंग्रज सरकारने साथरोगांचा कायदा केला, पुण्यात घरोघर सोजीर घुसविले, आणि त्या जुलमाचा शेवट २२ जूनला रँडवरील प्राणघातक हल्ल्यात झाला. त्याच वर्षी १० जानेवारीला वाल्डेमार हाफकिन ह्यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. लोक बिचकत असताना आगाखान ह्यांनी आपल्या अनुयायांदेखत लस घेतली आणि त्यांची भीती मोडली. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल येथे एका बाटलीतील लसीने १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन ह्यांना निलंबित करण्यात आले, पण बाटली गावात उघडताना दूषित झाली होती असे दिसून आले आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. ज्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचे नाव मिळाले, ती मुंबईत आजही उभी आहे. लोकांना धाक घालणारा आणि लोकांसमोर आधी स्वतःचा दंड पुढे करणारा, दोघेही एकाच रोगाशी लढत होते. भरवसा दुसऱ्याच्या वाट्याला आला.

तेव्हा आपले काम काय? अफवा पसरविणाऱ्याची टिंगल करून अफवा मरत नाही. आपल्या उपकेंद्रातील नर्सताई आणि आशाताई ह्यांना सोबत घेऊन प्रत्येक वाडीत एक बैठक घ्या. सुई टोचण्यापूर्वी विचारण्याचे पाच प्रश्न लोकांना पाठ करवा: औषधाचे नाव काय? ते कशासाठी? गोळीने भागणार नाही का? सुई नवी आहे का, माझ्यासमोर पाकीट फोडता का? त्रास झाला तर कोणाकडे जायचे? लसीच्या बाटलीवर रंग बदलणारी खूण असते. वर्तुळातला चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस चांगली, तितकाच गडद झाला तर टाकाऊ. हे शाळेतल्या मुलालाही कळते. २०१७ पासून सरकारी केंद्रांत ‘अंतरा’ नावाने तीन महिन्यांचे गर्भनिरोधक इंजेक्शन मोफत मिळते. एखाद्या स्त्रीने ते समजून-उमजून घेतले तर तो तिचा हक्क आहे. पण पाळीत होणारे बदल तिला आधी सांगितले का, हे विचारणे आपला हक्क आहे. गावात आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती कागदावर आहे. तिची बैठक शेवटची कधी झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. महाराष्ट्रात २००७ पासून लोकाधारित देखरेखीचे काम अनेक जिल्ह्यांत झाले आहे, तेही आपल्याला वाट दाखवील.

आणि ह्या सगळ्याच्या मुळाशी असलेली मागणी सोडू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर हजर हवा, औषधे हवीत, आणि आजारी मजुराची मजुरी बुडू नये. उपकेंद्राला कुलूप असेल तर लोक भोंदूकडे जाणारच, आणि मजुरी बुडण्याचे भय असेल तर सुई मागणारच.

पुढच्या लसीकरणाच्या दिवशी आपल्यापैकी प्रत्येकाने उपकेंद्रावर हजर राहावे, पाचही प्रश्न मोठ्याने विचारावेत, आणि नर्सताईंची उत्तरे ओट्यावर बसलेल्या सर्वांना ऐकू जातील अशी व्यवस्था करावी, एवढीच माझी विनंती आहे.